आधी पैसे की आधी वस्तू?

व्ही.पी.ने पुस्तक मागवण्याचा अनुभव आमच्या आणि आमच्या आधीच्या पिढीतल्या पुष्कळ वाचकांना असेल. प्रकाशकाला एक पोस्टकार्ड टाकायचे आणि वाट बघायची. आठ-पंधरा दिवसांनी पोस्टमन पुडके घेऊन दारात उभा राहायचा. आधी पैसे मोजून द्यायचे, मग पुडके हातात पडायचे. पोस्ट ते पैसे प्रकाशकाकडे पोचते करी. आपल्या टपाल खात्याने ही पद्धत १८७७ मध्ये सुरू केली. प्रकाशक आपल्याला ओळखत नव्हता, आपण प्रकाशकाला ओळखत नव्हतो, पण दोघेही पोस्टाला ओळखत होते. तेवढ्या ओळखीवर व्यवहार पार पडत असे.

या पद्धतीत एक भोकही होते. पैसे दिल्याशिवाय पुडके उघडता येत नसे. आम्ही शाळेत असताना एका जाहिरातीला भुलून व्ही.पी.ने ‘दुर्बीण’ मागवली होती. पुडक्यातून पुठ्ठ्याची एक नळी आणि दोन काचा निघाल्या. तिच्यातून चंद्र नुसत्या डोळ्यांनी दिसतो त्याहून अंधूक दिसे! पोस्टाने मात्र आपले काम चोख केले होते. पुडके पोचवले, पैसे घेतले. आत काय आहे याची जबाबदारी त्याने कधी घेतलीच नव्हती.

दोन अनोळखी माणसांमधल्या खरेदी-विक्रीतला मूळ पेच इथे स्वच्छ दिसतो. आधी पैसे की आधी वस्तू? समोरासमोर उभे असलो तर प्रश्नच येत नाही, एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने घेता येते. पण दोघांच्या मध्ये शेकडो मैल असले की कोणीतरी एकाने आधी हात पुढे करायला लागतो, आणि जो आधी हात पुढे करतो तो दुसऱ्याच्या तावडीत सापडतो.

आकडे घालून पाहू. एका माणसाकडे जुना सूक्ष्मदर्शक आहे. त्याच्या लेखी त्याची किंमत ७०० रुपये आहे. दूरच्या गावातल्या एका शिक्षिकेला तो १००० रुपयांच्या मोलाचा वाटतो. सौदा ८५० रुपयांना ठरला, तर दोघांचाही प्रत्येकी १५० रुपयांचा फायदा होतो. आता समजा बाईंनी आधी पैसे पाठवले. विक्रेत्याने सूक्ष्मदर्शक पाठवला तर त्याला १५० मिळतात. न पाठवता गप्प बसला तर ८५० मिळतात आणि सूक्ष्मदर्शकही घरातच राहतो. बाईंना हे हिशेब कळतात, म्हणून त्या पैसे पाठवतच नाहीत. उलट विक्रेत्याने वस्तू आधी पाठवायची ठरवली तर तीच भीती त्याला. परिणामी सौदा होत नाही आणि दोघांचे मिळून ३०० रुपयांचे नुकसान होते. लक्षात घ्या, इथे अजून कोणी कोणाला फसवलेले नाही. फसवणुकीच्या नुसत्या शक्यतेने हे नुकसान केले आहे.

हा पेच फार जुना आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात त्यावरचा एक तोडगा नोंदवून ठेवला आहे. कार्थेजचे व्यापारी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जात, आपला माल वाळूवर मांडून ठेवत, जहाजावर परतत आणि धूर करत. धूर पाहून तिथले लोक किनाऱ्यावर येत, मालाशेजारी सोने ठेवत आणि दूर जाऊन थांबत. व्यापारी उतरून सोने पाहत. पुरेसे वाटले तर ते घेऊन निघून जात, नाही तर पुन्हा जहाजावर जाऊन बसत. मग ते लोक आणखी सोने आणून ठेवत. सोने मालाच्या किमतीचे होईपर्यंत व्यापारी सोन्याला हात लावत नसत, आणि व्यापाऱ्यांनी सोने उचलेपर्यंत ते लोक मालाला हात लावत नसत. एकमेकांची भाषा येत नसताना, एक शब्दही न बोलता हा व्यापार चाले. माल आणि मोबदला दोन्ही दोघांच्या डोळ्यांसमोर, मधल्या वाळूवर. ही मधली वाळू लक्षात ठेवू या. ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

आता एकदम १९९५ सालात, अमेरिकेतल्या सॅन होजे शहरात जाऊ. पिएर ओमिड्यार या अठ्ठावीस वर्षांच्या संगणक-अभियंत्याने त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये इंटरनेटवर ‘ऑक्शनवेब’ नावाची लिलावाची जागा उघडली. कोणीही वस्तू मांडावी, कोणीही बोली लावावी. सुरुवातीलाच विकल्या गेलेल्या वस्तूंपैकी एक म्हणजे त्याचा स्वतःचा बिघडलेला लेसर पॉइंटर. तो १४ डॉलर ८३ सेंटला गेला. दोनच वर्षांनी, १९९७ मध्ये, या जागेचे नाव ‘ईबे’ झाले.

लिलाव संगणकावर चाले, पण पैसे? ते जुन्याच वाटेने जात. बोली संपली की जिंकणारा आणि विकणारा एकमेकांना पत्ता कळवत, आणि खरेदीदार टपालाने चेक किंवा मनिऑर्डर पाठवी. (अमेरिकेतली मनिऑर्डर आपल्यासारखी पोस्टमन घरी आणून देत नाही. पोस्टात रोख भरून छापील कागद घ्यायचा आणि तो आपणच पाकिटातून पाठवायचा.) विक्रेता चेक बँकेत टाकी, तो वटेपर्यंत थांबे, आणि मग वस्तू रवाना करी. बोली लागायला सेकंद पुरत, वस्तू मिळायला दोन-तीन आठवडे लागत. आणि या साऱ्या काळात पैसे हातचे गेलेले असत ते खरेदीदाराचे.

ओमिड्यारने यावर पहिला उपाय योजला तो पैशांचा नव्हताच. फेब्रुवारी १९९६ मध्ये त्याने एक सार्वजनिक फळा उघडला. प्रत्येक व्यवहारानंतर दोघांनी एकमेकांना अधिक एक, शून्य किंवा वजा एक गुण द्यायचा आणि सोबत ओळभर शेरा लिहायचा. गावात दुकानदाराची पत जशी लोकांच्या तोंडी असते, तशी ती इथे आकड्यात दिसू लागली. पतीला खरोखर किंमत असते का, हे पुढे प्रयोगाने तपासले गेले. पॉल रेस्निक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका नावाजलेल्या विक्रेत्याला जुन्या चित्रकार्डांच्या सारख्या जोड्या विकायला लावल्या. जोडीतला एक गठ्ठा त्याच्या नेहमीच्या नावाने आणि दुसरा अगदी नव्या, अनोळखी नावाने. माल तोच, माणूस तोच, बदलले फक्त नाव. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पत असलेल्या नावाला ग्राहक सरासरी ८.१ टक्के जास्त द्यायला तयार असल्याचे दिसले. प्रयोगाची ही मांडणी वर्गात नियंत्रित चल शिकवताना जरूर वापरावी अशी आहे.

पण पत ही काही जादू नव्हे. शंभर स्वस्त वस्तू प्रामाणिकपणे विकून गुण जमवायचे आणि मग दहा महाग कॅमेरे मांडून, पैसे गोळा करून पसार व्हायचे, ही युक्ती ठकांना लवकरच सुचली. शिवाय खरेदीदाराने वाईट शेरा दिला की विक्रेताही सूड म्हणून तसाच शेरा देई, त्यामुळे खरेदीदार गप्प बसत. अखेर २००८ मध्ये ईबेने विक्रेत्यांना खरेदीदारांविषयी वाईट शेरा देण्याची सोयच बंद केली. २००१ च्या सुमारास अमेरिकेत इंटरनेट-फसवणुकीच्या सर्वाधिक तक्रारी लिलावांच्याच होत्या.

त्या तक्रारींत पैसे पाठवण्याची प्रत्येक पद्धत आपापल्या परीने उघडी पडली. चेकची गोष्ट सर्वांत बोधप्रद आहे, म्हणून तिथे जरा थांबू. खरेदीदार म्हणे, ‘‘मी बँकेचा पक्का चेक पाठवतो.’’ म्हणजे बँकेने स्वतःच्या नावावर काढलेला. तो येई तो ठरल्यापेक्षा मोठ्या रकमेचा. ५०० डॉलरच्या वस्तूला २००० चा. ‘‘चूक झाली, उरलेले पैसे तारेने परत पाठवा.’’ विक्रेता चेक खात्यात भरी, दुसऱ्या दिवशी खात्यात २००० डॉलर दिसत, आणि तो भाबडेपणाने १५०० पाठवून देई. आठवड्या-दोन आठवड्यांनी बँक कळवी की चेक बनावट होता. २००० डॉलर खात्यातून वजा, १५०० कायमचे गेले, वस्तू पाठवली असेल तर तीही गेली.

बँकेने आधी पैसे दाखवले आणि नंतर काढून घेतले, हे कसे? अमेरिकेत १९८७ च्या एका कायद्याने बँकांवर असे बंधन आले की ग्राहकाने भरलेल्या चेकचे पैसे ठराविक मुदतीत त्याला वापरायला द्यायचे. बँकेच्या पक्क्या चेकसाठी ही मुदत साधारणपणे एक कामाचा दिवस आहे. कायदा ग्राहकाच्या सोयीसाठी होता. पण चेक जिथून निघाला त्या बँकेकडून खात्री होऊन यायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. म्हणजे खात्यात पैसे दिसणे आणि पैसे पक्के होणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि ठक नेमके त्यांच्यामधल्या दिवसांत आपले काम उरकतो.

तारेने पैसे पाठवण्याची गोष्ट नेमकी उलटी. तिथे पैसे ताबडतोब पक्के होतात. दुसऱ्या टोकाला कोणीतरी रोख रक्कम उचलली की ती परत आणण्याचा मार्ग नाही. परदेशी असलेल्या मुलाला पैसे पाठवायला ही सोय उत्तम. अनोळखी विक्रेत्याला पाठवायला तितकीच धोक्याची. वेस्टर्न युनियन या प्रसिद्ध कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये आपल्या जाळ्यातून चाललेल्या फसवणुकीला हातभार लागल्याचे अमेरिकी सरकारपुढे मान्य केले आणि ५८ कोटी ६० लाख डॉलर भरले. ईबेने लिलावाच्या व्यवहारांत अशा रोख तारेला त्याआधीच मनाई केली होती.

क्रेडिट कार्डाचे तसे नाही. १९७४ च्या अमेरिकी कायद्यानुसार कार्ड परस्पर वापरले गेले तर ग्राहकाची जबाबदारी जास्तीत जास्त ५० डॉलर, आणि वस्तू मिळाली नाही तर बिलावर हरकत घेता येते. म्हणजे पैसे देऊनही ते मागे खेचता येतात. खरेदीदाराला याहून चांगले काय हवे? पण घरातल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या सामान्य माणसाला कार्ड स्वीकारण्याची सोयच नव्हती. त्यासाठी बँकेत व्यापाऱ्याचे खाते लागे.

ही फट भरून काढली एका वेगळ्याच धंद्यासाठी निघालेल्या कंपनीने. १९९८ च्या अखेरीस मॅक्स लेव्हचिन, पीटर थील आणि ल्यूक नोसेक यांनी कॉन्फिनिटी ही कंपनी काढली. लेव्हचिन कीव्हमध्ये जन्मलेला, कूटलेखनाचा वेडा. पामपायलट नावाच्या हातात मावणाऱ्या संगणकांवरून अवरक्त किरणांनी एकमेकांना पैसे ‘फेकायचे’, ही त्यांची कल्पना. जुलै १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका उपाहारगृहात गुंतवणूकदारांनी थीलला याच पद्धतीने ३० लाख डॉलर पाठवून दाखवले. प्रयोग झकास झाला, पण असे यंत्र खिशात असलेली दोन माणसे एका टेबलाशी बसली असतील तर ती सरळ नोटाच देतील, हे कोणाच्या लक्षात आले नव्हते! त्याच कंपनीने जोडीला ई-मेलवरून पैसे पाठवायची सोय ठेवली होती. ईबेवरच्या विक्रेत्यांनी ती उचलून धरली. खरेदीदार आपले कार्ड वापरी, पैसे कंपनीकडे जात, आणि विक्रेत्याला कार्डाचा क्रमांक न कळता पैसे मिळत. मार्च २००० मध्ये ती इलॉन मस्कच्या एक्स डॉट कॉममध्ये विलीन झाली, आणि २००१ पासून सगळी कंपनीच ‘पेपाल’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

इथे विज्ञानाच्या वाचकाने लक्ष द्यावे अशी गोष्ट घडली. लेव्हचिनचे कूटलेखन उत्तम होते. ते कोणी फोडले नाही. फोडायची गरजच पडली नाही. ठक चोरलेल्या कार्डांचे क्रमांक घेऊन पुढच्या दाराने आत आले. त्यांच्या संगणक-आज्ञावल्या हजारो खोटी खाती उघडत. कुलूप भक्कम होते, पण किल्ली घेऊन आलेला माणूस किल्लीचा मालक आहे का, हे कुलूप कसे सांगणार? मग लेव्हचिन आणि डेव्हिड गॉसबेक यांनी वेडीवाकडी अक्षरे वाचून टंकायला लावणारी चाचणी बसवली. माणसाला ती जमे, तेव्हाच्या यंत्राला जमत नसे. बँक खाते खरोखर तुमचेच आहे हे ठरवायला कंपनी त्यात एक डॉलरहून कमी अशा दोन फुटकळ रकमा भरी आणि त्या किती हे तुम्हाला विचारी. प्रत्येक रक्कम १ ते ९९ सेंट धरली, तर ९९ × ९९ म्हणजे ९८०१ शक्यता. अंदाजाने सांगणाऱ्याला एका प्रयत्नात यश येण्याची शक्यता दहा हजारांत जेमतेम एक, आणि खऱ्या मालकाला मात्र खातेउतारा बघितला की झाले. संभाव्यतेच्या धड्याला यापेक्षा सुटसुटीत उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही.

ईबेने ऑक्टोबर २००२ मध्ये सुमारे दीड अब्ज डॉलरना पेपाल विकत घेतली, आणि २००८ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या बहुतेक व्यवहारांतून चेक व मनिऑर्डर हद्दपार केल्या. खरेदीदार सुरक्षित झाला. मग सगळे सुरक्षित झाले का? नाही. पैसे मागे खेचता येतात म्हटल्यावर काही खरेदीदार वस्तू घेऊनही ‘मिळालीच नाही’ म्हणू लागले, किंवा चांगली वस्तू ठेवून खोक्यात मोडकी परत पाठवू लागले. विक्रेत्याला पाठवणीची पावती आणि पोचपावती जपून ठेवायची सवय लावून घ्यावी लागली. जोखीम नाहीशी झाली नव्हती. ती टेबलाच्या या बाजूकडून त्या बाजूकडे सरकली होती. म्हणून ‘सुरक्षित पद्धत कोणती’ असे कोणी विचारले, की आम्ही आधी विचारतो, ‘‘तुम्ही घेणार आहात की विकणार आहात?’’

दोघांनाही मानवेल असा तोडगा म्हणजे पुन्हा ती मधली वाळू. पैसे तिसऱ्याकडे ठेवायचे, वस्तू पोचली की त्याने ते विक्रेत्याला द्यायचे. इंग्रजी कायद्यातून आलेले याचे नाव एस्क्रो. चीनमध्ये टाओबाओ ही बाजारपेठ २००३ मध्ये निघाली आणि पाठोपाठ तिची अलिपे ही सेवा आली, ती याच तत्त्वावर. ज्या देशात कार्डे फारशी नव्हती, तिथे अनोळखी लोकांचा व्यापार या एका युक्तीने फोफावला. आपल्याकडे मुंबईत २००० मध्ये बाझी डॉट कॉम ही लिलावाची जागा सुरू झाली होती. ती ईबेने २००४ मध्ये विकत घेतली आणि पुढे ईबे इंडिया झाली. पैसे थेट विक्रेत्याच्या हाती न पडता मध्ये थांबावेत यासाठी तिची ‘पैसापे’ नावाची सोय होती. २०१७ मध्ये ईबे इंडिया फ्लिपकार्टकडे गेली आणि २०१८ मध्ये बंद पडली. त्या आधीच, २०१० मध्ये, फ्लिपकार्टने वस्तू दारात आल्यावर रोख घेण्याची पद्धत आणली होती. आमच्या व्ही.पी.चाच नवा अवतार म्हणा ना.

अर्थात वाळूचीही नक्कल होऊ शकते. ‘‘माझा भरवशाचा एस्क्रो आहे, पैसे तिथे भरा,’’ असे विक्रेताच सुचवतो आणि ती जागा त्यानेच उभारलेली असते, असे प्रकार भरपूर झाले. मध्यस्थ दोघांपैकी एकाने सुचवलेला असेल, तर दुसऱ्याने त्याची स्वतंत्रपणे चौकशी केल्याशिवाय तो मध्यस्थ धरू नये.

आपल्याकडे आज जुन्या वस्तूंची विक्री बहुधा लिलावाने नव्हे तर जाहिरात टाकून होते, आणि पैसे यूपीआयने दिले जातात. एप्रिल २०१६ मध्ये आलेली ही पद्धत गुणधर्माने चेकपेक्षा तारेच्या जवळची आहे. पैसे काही सेकंदांत पोचतात आणि पाठवणाऱ्याला ते स्वतःहून मागे घेता येत नाहीत. म्हणजे विक्रेत्याच्या सोयीची. मग इथे विक्रेताच कसा फसतो? एक शिक्षक घरातले जुने टेबल विकायला काढतात. फोन येतो, पलीकडचा स्वतःला सैन्यातला म्हणवतो, घासाघीस न करता किंमत मान्य करतो आणि एक चौकोनी ठिपक्यांचे चित्र पाठवतो. ‘‘हे स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.’’ सर पिन टाकतात आणि पैसे जातात. यूपीआयचा पिन ही पैसे देण्याची सही आहे. घेण्यासाठी ती कधीच लागत नाही. चेक घेणाऱ्याने चेकवर काढणाऱ्याच्या जागी सही करावी, तसा हा प्रकार. असे घडलेच तर १९३० या राष्ट्रीय मदत-क्रमांकावर ताबडतोब कळवावे. पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्यापूर्वी ते गोठवता आले तरच हाती लागण्याची आशा असते.

आता वर्गासाठी एक खेळ. मुलांच्या जोड्या करा, पण कोणाची जोडी कोणाशी हे सांगू नका. एकाकडे सात चिंचोके किमतीची ‘वस्तू’, म्हणजे एक खूण केलेला कागद. दुसऱ्याकडे दहा चिंचोके, ज्याला ही वस्तू दहा चिंचोक्यांच्या मोलाची वाटते. भाव आठ ठरवा. दोघांनी आपापली लखोटी तुमच्याकडे द्यायची. आत काही घालायचे की रिकामीच द्यायची हे ज्याचे त्याने ठरवायचे, आणि तुम्ही ती तशीच पलीकडे पोचवायची. दहा फेऱ्या खेळा आणि प्रत्येक फेरीतली रिकामी लखोटी फळ्यावर मोजा. मग तीन बदल करून पुन्हा दहा-दहा फेऱ्या घ्या. एकदा प्रत्येकाच्या टोपणनावापुढे फळ्यावर गुण लिहीत जा. एकदा दोन्ही लखोटे तुम्ही उघडून पाहा आणि दोन्ही भरलेले असतील तरच पोचवा. आणि एकदा गुणांचा खेळ चालू असतानाच, दहावी फेरी सुरू होण्यापूर्वी, ही शेवटची फेरी आहे असे मोठ्याने सांगा.